दात काढण्याआधीचं रेकॉर्डिंग

आमच्याकडे बँड या शब्दाला एकच अर्थ आहे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पुढे मास्तर, मागे ढोल आणि सगळ्यात मागे घोड्यावर घामाघूम झालेला नवरदेव. आम्ही तिघांनी लातुरात बँड काढला तेव्हा हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. तिघंही इकडचेच. पण मोबाइलवर जगभरची गाणी ऐकून ऐकून आमच्या डोक्यात त्या शब्दाचा दुसराच अर्थ जाऊन बसला होता, आणि तो यथावकाश बाकीच्यांच्याही डोक्यात जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. माझ्या वडिलांनी पहिल्याच दिवशी सावध केलं होतं. "आक्का, लेकीच्या लग्नात बापानं बँड लावायचा असतो. लेकच बँड झाली तर बापानं काय लावायचं?" असं म्हणून ते स्वतःच हसले. मला मुळीच हसू आलं नाही.

मी बेस वाजवते. ते वाद्य गिटारसारखंच दिसतं, पण चार तारांचं असतं आणि आवाज पोटातून आल्यासारखा खर्जातला. आमच्याकडच्या बहुतेकांना वाटतं की हिच्या गिटारच्या दोन तारा तुटल्यात आणि ही तशीच वाजवतेय. गाणी लिहिणारा आणि गाणारा आमचा गायक दिवसा एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. ड्रम वाजवणारा नांदेडचा. दर शनिवारी एसटीने यायचा, मांडीवर आपला छोटा ड्रम घेऊन, कारण तो वर टपावर किंवा खाली डिकीत टाकायला त्याचा जीव होत नसे. कंडक्टर विचारायचा, "भांडं हाय का?" तो म्हणायचा, "हाव."

लातुरात बँड चालवायचा म्हणजे आधी जागेचा प्रश्न. अख्खं शहर कायम परीक्षेला बसलेलं असतं. ज्या गल्लीत जावं त्या गल्लीत वसतिगृह, आणि वसतिगृहाच्या प्रत्येक खिडकीत डॉक्टर व्हायला निघालेलं एक पोर. गायकाच्या खोलीत आम्ही तीनदा सराव केला आणि चौथ्यांदा घरमालकाने त्याचं सामान जिन्यात आणून ठेवलं. "पोरं अभ्यास करून राहिली सर, आन् तुमी सरच असून..." पुढचं त्याने बोलायची गरज नव्हती. मी त्या माणसाशी कडाकडा भांडले. आज वाटतं, त्याचं बरोबर होतं. शिवाय त्याने हाकललं नसतं तर आम्ही गाद्यांच्या गोदामात आलोच नसतो.

वडिलांचं गंजगोलाईजवळ गाद्यांचं दुकान आहे आणि मागच्या गल्लीत गोदाम. सकाळी पूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून ते दुकानात बसतात ते संध्याकाळीच उठतात. गोदामात गाद्यांच्या छतापर्यंत थप्प्या, मध्ये माणूस जाईल एवढ्या वाटा. तिथे ड्रम मांडला आणि ड्रमरने पहिला ठोका दिला, तर आवाज जागच्या जागी मेला. बाहेर गल्लीत काही नाही. शहरातले स्टुडिओवाले भिंतींना स्पंज चिकटवतात, तो खर्च आमच्या घरात तीन पिढ्यांपासून कापसाच्या रूपात पडून होता. वडिलांनी किल्ली दिली आणि एकच अट घातली. "गादीवर बसायचं न्हाई. बसली की ती वापरलेली होती."

पहिली काही वर्षं म्हणजे नुसती रद्द झालेल्या कार्यक्रमांची यादी आहे. एकदा रोगाची साथ आली आणि सगळंच बंद. ते उठलं तर नांदेडच्या ज्या कॅफेत आमचा दर महिन्याला कार्यक्रम ठरला होता, तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान निघालेलं. मग निवडणुकीची आचारसंहिता. मग अतिवृष्टी. बिलोलीला एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्ही दुसरं गाणं धरलं आणि वीज गेली. तासभर वाट पाहून प्राचार्यांनी त्या अंधाऱ्या हॉलमध्येच आमचा शाल-नारळ देऊन सत्कार उरकला. मी तेव्हा चिडून म्हणाले होते की हे नारळ घेऊन आपण तिघांनी आता मठच काढावा. तरी आम्ही टिकलो. का टिकलो, तर शनिवारी ड्रमर येत राहिला म्हणून, आणि वडिलांनी किल्ली परत मागितली नाही म्हणून. यापलीकडे मोठं कारण मला सापडलेलं नाही.

अशात चाकूरहून फोन आला. मीच उचलला.

"बँड हाय का तुमचा?"

"हो, आहे."

"कितीजण?"

"तिघं."

"तिघंच? दणक्यात वाजवता का पर?"

"एकदम."

"ड्रेस हाय का?"

आम्ही तिघं काळे टी-शर्ट घालायचो, तेवढंच. मी म्हणाले, "काळा आहे."

"काळा? बरं. नव्या जमान्याचं आसंल. आमच्या पुतण्याचं लगीन हाय. फिरून वाजवावं लागंल, बघा."

फिरून म्हणजे पाहुण्यांच्या टेबलांमधून फिरत, असं मी समजले. मोठ्या शहरांतल्या लग्नांत तसं असतं हे मी पाहिलं होतं. चाकूरमध्ये कुणीतरी असा विचार करतंय म्हणून मला भरून आलं. मी दोघांना फोन करून सांगितलं की अखेर आपल्याकडचा माणूस बदलतोय.

लग्न दुपारचं होतं. आम्ही सकाळी आठलाच टेम्पोतून सगळा पसारा घेऊन पोचलो, आवाज नीट लावून घ्यावा म्हणून. मंडपात स्टेज होतं, पण त्यावर दोन सिंहासनं. नवरदेवाचे चुलते, म्हणजे फोनवरचे गृहस्थ, आमच्याकडे आणि टेम्पोकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग म्हणाले, "बाकीचे कवा येणार?"

"बाकीचे कोण?"

"बँडवाले."

अकराला परण्या निघणार होता. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात घेऊन जातात ती मिरवणूक. दाराशी घोडा येऊन उभा होता. मग मला सगळं उलगडलं, आणि पायाखाली जमीन आहे की नाही हे मी खरोखरच वाकून पाहिलं. आमच्या वाद्यांना वीज लागते, आमचा ड्रम पाच तुकड्यांचा असून जमिनीवर मांडावा लागतो, आणि आम्हाला लग्नाचं एकही गाणं येत नाही, हे गायकाने त्यांना अगदी वर्गात शिकवल्यासारखं समजावून सांगितलं. चुलते शांतपणे ऐकून घेत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "माय, पोराला बाप न्हाई," ते मला म्हणाले. "बिनबाजाचा नेला तर लोकं म्हंतील, चुलत्यानं हात आखडला."

चूक माझी होती. फोन मी उचलला होता.

ड्रमर बाजूला जाऊन लिंबाखाली उभा होता. बराच वेळ मोबाइल हातात धरून नुसताच. मग त्याने फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि येऊन म्हणाला, "बाबा येऊन राहिले."

त्याचे वडील बांधकाम खात्यात आहेत, असं त्याने आम्हाला कधीचं सांगितलेलं होतं. बांधकाम खात्यातला माणूस इथे येऊन काय करणार, हे मला कळेना. पण त्याचा चेहरा पाहून विचारलं नाही.

पावणेअकराला नांदेडकडून येणाऱ्या जीपमधून एक साठीचा, शिडशिडीत माणूस उतरला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात काळी लांबट पेटी. सोबत एक ढोलवाला. त्यांनी मंडप पाहिला, घोडा पाहिला, आम्हाला पाहिलं. मग पेटी उघडून क्लॅरिनेटचे तुकडे जोडू लागले. चुलते लगबगीने पुढे आले. "मास्तर, तुमी? तुमचा बँड तर बंद झाला म्हनले व्हते."

"बँड बंद झाला. मी कुठं बंद झालो?"

मी अजूनही गोंधळात. नमस्कार केला आणि बोलून गेले, "काका, तुम्ही बांधकाम खात्यात ना?"

मास्तरांनी मुलाकडे पाहिलं. तो बुटाच्या नाडीकडे बघत होता. मग ते मला म्हणाले, "हाव बाई. तिकडंच हुतो."

पुढचा तास मी आयुष्यभर विसरणार नाही. मंडपवाल्याकडून बॅटरीसकट इन्व्हर्टर मागून टेम्पोत ठेवला, त्याला माझा आणि गायकाचा स्पीकर जोडला. टेम्पो हळूहळू पुढे, आणि आम्ही दोघं वायरीला बांधलेली, दावणीला बांधलेल्या गुरांसारखी मागून. ड्रमरने छोटा ड्रम ओढणीने गळ्यात अडकवला, ओढणी माझी, उन्हासाठी डोक्याला घेतलेली. मास्तर सगळ्यांच्या पुढे. त्यांनी लग्नातलं एक जुनं गाणं धरलं आणि गल्लीतली म्हातारी माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. क्लॅरिनेट इतकं खणखणीत आणि इतकं मऊ असू शकतं हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे आता लग्नात भिंतीएवढे स्पीकर असतात. त्यांच्यापुढे छातीत धडधड होते, पण कान काही ऐकत नाहीत.

मारुतीच्या देवळाशी नवरदेव आत गेला. तेवढ्या वेळात मास्तरांनी क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती जिभेने ओली केली, आकाशाकडे बघितलं आणि आमचं गाणं वाजवायला घेतलं. आमचं, गायकाने लिहिलेलं, ज्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तोवर इंटरनेटवर मोजक्या लोकांनी पाहिला असेल. आम्ही तिघं दगड झालो. "वाजवा की," ते म्हणाले, "पोरगं तीन वर्षं झालं घरात हेच गाणं लावून टेबल बडवून राहिलं. मला सगळं पाठ हाय." मग आम्ही वाजवलं. चाकूरच्या त्या चौकात माणसं आमच्या गाण्यावर नाचली. चुलते नाचले. पहिल्यांदा कुणी आमच्या गाण्यावर नाचत होतं, आणि तेही आमच्या चुकीमुळे.

परतीच्या वाटेवर गायक म्हणाला, क्लॅरिनेटशिवाय हे गाणं रेकॉर्ड करण्यात आता अर्थ नाही. आम्ही तेव्हा आठ गाण्यांचा अल्बम करत होतो आणि हेच एक राहिलं होतं. ड्रमर खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला सरळ विचारलं, बांधकाम खात्याची भानगड काय? मला आडवळणाने विचारता येत नाही, हा माझा जुना दोष.

"शाळेत मला वाजवणाऱ्याचं पोरगं म्हणायचे," तो म्हणाला. "कॉलेजला आल्यावर एकदा खोटं बोललो, मग ते धरूनच राहिलो." मग म्हणाला, "बाबाला माहीत होतं. कुणीतरी सांगितलं होतं. कधी बोलले नाहीत."

त्याच्या पुढच्या आठवड्यात मी नांदेडला त्यांच्या घरी गेले. मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि मी रेकॉर्डिंगचं विचारताच नाही म्हणाले. नंतर म्हणाले, करायचं असंल तर लौकर करा. डॉक्टरने वरचे दात काढायला सांगितले होते. हिरड्या पार गेल्या होत्या, सगळे दात हलत होते, पू व्हायचा. पुढचे चार आधी निघणार. दोनदा तारीख पुढे ढकलून झाली होती, आता डॉक्टर ऐकायला तयार नव्हता. मंगळवार ठरला होता.

मी म्हणाले, दात काढल्यावर दुखायचं तरी थांबेल. मग वाजवा, आम्ही थांबतो.

त्यांनी मला क्लॅरिनेटचं तोंड दाखवलं. वरच्या बाजूला दोन बारीक खड्डे पडले होते, पुढच्या दातांचे. "हितं दात टेकतो. सूर कानानं ऐकू येतो त्यो दुसऱ्यासाठी. आपल्यासाठी दातातून वर येतो, कवटीत. कवळी लावून लोकं वाजवत्यात, न्हाई आसं न्हाई. पर सूर दारातच उभा ऱ्हातो म्हंत्यात, आत येत न्हाई."

म्हणजे आमच्याकडे एकच रविवार होता. आठ वर्षांच्या धडपडीत आम्ही शेकडो रविवार वाया घालवले असतील. हा सूर राहून गेला तर तो पुन्हा कुठूनही आणता येणार नव्हता, आणि माझ्या लेखी त्याला जबाबदार मी असणार होते. रेकॉर्डिंगचं यंत्र माझ्याच हाती होतं.

रविवारी दुपारी मास्तर मुलासोबत लातूरला आले. वडील मुद्दाम दुकानातून उठून गोदामात आले, त्यांनी आमच्या घरच्या रीतीने हात जोडून "शरणार्थ" म्हटलं, मास्तर "जय भीम" म्हणाले, आणि दोघं समवयस्क चहा पीत असे बोलत बसले, जणू एकमेकांना फार दिवस भेटले नव्हते. वडिलांनी विचारलं, घराण्यातच वाजवणं होतं का?

"आज्याकडं हलगी हुती," मास्तर म्हणाले. "मैत असो, लगीन असो, गावानं बोलवलं की जायाचं. धम्म घेतला तवा आज्यानं हलगी हिरीत टाकली. म्हनला, आता कुनाच्या दारात वाजवायचं न्हाई. मी क्लारनेट शिकलो तवा बाप दोन वर्सं बोलला न्हाई माझ्याशी. त्याला वाटलं, म्या परत तेच धरलं. म्या त्येला म्हनलं, ते आपल्याला वाजवायला लावलं हुतं. हे म्या निवडलं." चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "त्येला पटलं का न्हाई, ठावं न्हाई. पर जयंतीच्या मिरवणुकीत पुढं वाजवायचो तवा त्यो रस्त्याच्या कडंला उभा असायचा. रोज नवं धोतर न्हाई नेसत, तवा नेसायचा."

माझे वडील उठले, थप्पीवरची एक नवी कोरी गादी स्वतः खाली काढली, जमिनीवर अंथरली आणि मास्तरांना म्हणाले, "दमला असाल, इथं टेका." आठ वर्षांत मला त्या गाद्यांवर बूड टेकू दिलेलं नाही.

मग रेकॉर्डिंग सुरू झालं आणि काहीच जमेना. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखे बंद. कापसाच्या थप्प्यांमध्ये एप्रिलची दुपार. माइक स्टँडवर लावलेला, मास्तर त्याच्यासमोर उभे, कानात हेडफोन, त्यात आमची आधी वाजवून ठेवलेली साथ. त्यांनी वाजवायला घेतलं की दुसऱ्याच ओळीला पाय निघायचे. एक पाऊल डावीकडे, दोन पुढे, आणि सूर माइकपासून लांब जायचा. चाळीस वर्षं ज्याने फक्त चालत वाजवलंय, त्याला उभं राहून वाजवायला सांगितलं होतं आम्ही. हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. मी फक्त म्हणत राहिले, "मास्तर, हलू नका. पुन्हा. मास्तर, हलायचं नाही."

मग ते नाही हलले. फोटो काढायला उभं केल्यासारखे ताठ उभे राहिले. सगळे सूर बरोबर लागले आणि गाणं मेलं.

सहाव्या वेळेला त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतलं, तेव्हा त्याच्या तोंडाशी लाली दिसली. हिरडीतून रक्त येत होतं. त्यांनी रुमालाने पुसलं, जसं घाम पुसावा तसं. "एक डाव अजून," ते म्हणाले. माझा आवाज इतका वेळ चढलेला होता, याची मला त्या रुमालाकडे बघून लाज वाटली. गायक माझ्या कानाशी म्हणाला, थांबवू या, की-बोर्डवर करून घेऊ. मी हो म्हणून मान हलवणार होते.

ड्रमर उठला. त्याने काही न विचारता माइक स्टँडवरून काढला, वायर खांद्यावरून मागे घेतली, आणि माइक दोन्ही हातांनी वडिलांच्या क्लॅरिनेटसमोर वीतभर अंतरावर धरला. गाद्यांच्या दोन थप्प्यांमधल्या वाटेत तो उभा राहिला, वडिलांकडे तोंड करून. "बाबा," तो म्हणाला, "चला."

मी यंत्रावर साथ चालू केली. मास्तर चालू लागले आणि तो उलट्या पावलांनी, त्यांच्यापुढे. वाट संपली की वळण, पुन्हा दुसरी वाट. गायक वायर अडकू नये म्हणून तिच्यामागे वाकून पळत होता. माझे वडील दाराशी उभे राहून थप्प्यांचे कोपरे हाताने दाबून धरत होते, वाट रुंद व्हावी म्हणून. मी हेडफोन लावून आवाजाचे काटे बघत बसले, कारण वर बघितलं असतं तर माझ्याने यंत्र सांभाळलं गेलं नसतं. गोदामाचे दोन पूर्ण फेरे झाले आणि गाणं संपलं. चौकात वाजलं होतं तसंच. थोडं जास्तच.

मास्तर त्या अंथरलेल्या गादीवर जाऊन बसले आणि पाणी मागितलं.

मंगळवारी दात निघाले. नंतरच्या दोन बैठकांत बाकीचे. आता कवळी बसली आहे आणि मास्तर वाजवतात, रोज संध्याकाळी थोडं थोडं. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. त्यांना कळतो. ते तक्रार करत नाहीत, फक्त वाजवून झालं की जीभ दातांवरून फिरवत बसतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. अल्बमची गाणी इंटरनेटवर आली आहेत. कुणी ती ऐकतं, बहुतेक ऐकत नाहीत. मागच्या महिन्यात उदगीरचा एक कार्यक्रम पुन्हा रद्द झाला. पण चाकूरच्या चुलत्यांनी आमचा नंबर सगळ्या नातेवाइकांत वाटलाय, आणि आता फोन आला की मी आधी विचारते, घोडा आहे का?

मी कुणाकुणाचे आभार मानू हे मला कळत नाही. माझ्या फोनवरच्या मूर्खपणाचे मानते. आमच्या घरातल्या कापसाचे मानते. माझ्यासारख्या तोंडाळ बाईशी त्या दिवशी कुणी वाद घातला नाही, त्याचेही मानते.

दात काढल्यावर आठव्या दिवशी आम्ही रेकॉर्डिंग ऐकवायला नांदेडला गेलो होतो. पक्कं करायच्या आधी काय काढायचं, काय ठेवायचं, हे मास्तरांना विचारायचं होतं. त्यांचा चेहरा सुजलेला, तोंडावर उपरणं. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावले. दुसरा जोड ड्रमरने लावला. मास्तर डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती. शेवटच्या कडव्याच्या आधी बोटं थांबली. त्यांनी डोळे उघडले आणि मला खुणेने मागे न्यायला सांगितलं. पुन्हा ऐकलं.

"हे कोन नाक वढून राहिलं?" दातांशिवाय शब्द पसरट येत होते.

ती जागा मला माहीत होती. मी ती काढायच्या यादीत लिहूनही ठेवली होती. घाईघाईने म्हणाले, "कापसाची धूळ असते ना मास्तर गोदामात. ते काढता येतं. काढून टाकते."

ड्रमरने हेडफोन उतरवले. "धूळ न्हाई," तो म्हणाला. "मी रडत होतो, बाबा."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा तेवढाच तुकडा लावायला सांगितला, आणि या वेळी बोटं क्लॅरिनेटसारखी न चालवता गुडघ्यावर एकच बोट आपटत एक एक मोजत राहिले. ड्रमरने उतरवलेला जोड मी कानाला लावला; त्या नाक ओढण्याखाली त्याच्या चपला ऐकू येत होत्या, एक, दोन, एक, दोन, उलट्या चालणाऱ्या.

"ऱ्हाऊ द्या ते," मास्तर मला म्हणाले. "रडला, पर ताल सोडला न्हाई त्यानं."